गुरुवारचा तांब्या

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधी जमलं नाही, आणि अक्षर म्हणाल तर कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. त्यात ही वही आकड्यांसाठी आखलेली. उभ्या रेघांत शब्द मावत नाहीत, म्हणून ते वाकडे बसलेत. वही बिराजदार सरांची आहे. त्यांच्याबद्दलच लिहायचंय.

बिराजदार सरांना काहीही सांगा, ते एकच शब्द विचारायचे, "किती?"

आज लई ऊन हाय म्हटलं, की किती? पोराला ताप आलाय म्हटलं, की किती? एकदा आमच्या सासूबाई सहज म्हणाल्या, की माझा मुलगा माझ्यावर फार माया करतो. आमच्या पायरीवर बसलेले सर चहाचा कप खाली ठेवून "किती?" म्हणाले. सासूबाई दोन दिवस त्याच विचारात होत्या. चाळीत त्यांना सगळे किती मास्तर म्हणायचे. तोंडावर सर.

अक्कलकोट रोडच्या बाजूला आमची सहा खोल्यांची चाळ. समोर गिरणीची चिमणी. सर टोकाच्या खोलीत एकटे राहायचे, कॉलेजात गणित शिकवायचे. घरचं बोलणं कानडी. आमच्याशी मराठी, पण मन हललं की तोंडातून कानडी निघायचं. अंदाजे हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. दूधवाला अंदाजे अर्धा शेर म्हणाला, तर त्याला उन्हात उभं करून मापं समजावली. दुसऱ्या दिवसापासून दूधवाल्यानं त्यांची खोली वगळली.

त्यांच्या खिशात कायम एक दोरी असायची. तिला हात-हातावर गाठी आणि टोकाला दगड. ती विहिरीत सोडायची आणि पाणी मोजायचं. या दोरीनंच त्यांचं लग्न मोडलं. टेंभुर्णीकडं मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, मुलगी आत गेली. तिचे वडील म्हणाले, आमच्या विहिरीला पाणी भरपूर आहे. झालं. सर पोह्यांची बशी ठेवून विहिरीवर गेले, दोरी सोडली, तिथंच कागदावर गुणाकार केला आणि सांगितलं, होळीपर्यंत पुरेल. वडील एवढे भडकले, की बसस्टँडवर सोडायलासुद्धा कुणी आलं नाही. पुढं एक पोस्टकार्ड आलं, की विहीर होळीच्या आठ दिवस आधीच आटली. सर महिनाभर खिन्न होते. मुलीसाठी नाही. आठ दिवस चुकले म्हणून. आम्हाला तरी तसंच वाटायचं.

सरांच्या खोलीपुढं अंगणात एक मोठं गोल पत्र्याचं भांडं होतं. त्यावर कावळ्यांसाठी जाळी. आत मधोमध एक खिळा उभा. रोज सकाळी साडेआठला पितळी पेल्यानं मोजून पाणी ओतायचं, पाणी खिळ्याच्या टोकाला टेकलं की थांबायचं. जितके पेले लागले, तितकं पाणी कालपासून सूर्यानं प्यालं. असं रोज लिहीत गेलं, की तळ्याचं पाणी किती दिवस टिकेल त्याचं गणित मांडता येतं, असं सर सांगायचे. त्यावर त्यांना निबंध लिहायचा होता. पुण्याच्या मोठ्या परिषदेत वाचायचा होता.

साडेआठला सर कॉलेजात असायचे. चाळीत लिहिता येणारी बाई मी एकटी. मी पुरुषमाणसाशी कधी मान वर करून बोलले नव्हते, पण आमचे हे म्हणाले, कर की, महिन्याला पाच रुपये देत्यात. मग मी रोज पेले मोजून या असल्या वहीत आकडा लिहू लागले. पहिल्या दिवशी मी सात लिहिले, तर संध्याकाळी सर दारात.

"वहिनी, सात पूर्ण? का सातवा थोडा उरला होता?"

थोडा उरला होता. तेव्हापासून मी उरलेलंही लिहायला शिकले.

मग दुष्काळाचं साल आलं. नळाला दोन दिवसांआड पाणी, तेही करंगळीएवढं. शेजारची नरसूबाई सरांना ऐकू जाईल असं बोलायची, "आमच्या घशाला कोरड, आन् हे सूर्याला पाजत्यात." सर स्वतःच्या आंघोळीचं पाणी त्या भांड्यासाठी राखून ठेवायचे आणि आपण ओल्या फडक्यानं अंग पुसायचे. कमी पडलं तर सायकलला दोन कळश्या बांधून लांबच्या विहिरीवरून आणायचे. हे मला ठाऊक होतं. म्हणून पुढचं लिहिताना हात अडतो.

गिरणीला गुरुवारी सुट्टी. आमचे हे गिरणीतच कामाला, म्हणून त्या दिवशी घरी असायचे, धुणं जास्त, आंघोळ जास्त. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. एका गुरुवारी दुपारी त्यांचं अंथरूण खराब झालं आणि घरात थेंब नव्हता. मी जाळी उचलली आणि एक तांब्या पाणी घेतलं.

पहिला तांब्या सासूबाईंचा. त्याबद्दल मी देवापुढं उभी राहीन. पण पुढच्या गुरुवारीही घेतला, आणि त्याच्या पुढच्याही. नागपंचमीच्या आधी घेतलेला तांब्या माझ्या स्वतःच्या केसांसाठी होता. जाळी कावळ्यांसाठी होती, माझ्यासाठी नव्हती.

मी मनाला सांगायची, मी खोटं कुठं लिहिलंय? शुक्रवारी सकाळी भांड्यात जितके पेले ओतले तितकेच लिहिले. अर्धा पेलासुद्धा सोडला नाही. तरी प्रत्येक तांब्याला चुलीमागं कोळशानं एक रेघ ओढायची. का, ते मला सांगता येत नाही. सरांच्या संगतीची सवय असेल.

तीन-चार महिन्यांनी सर बदलले. चालताना पुटपुटायचे. माळवदावर, म्हणजे चाळीच्या धाब्यावर, ओला पांढरा रुमाल पसरायचे आणि त्यावर पडलेली काजळी भिंग लावून मोजायचे. गिरणीच्या दारात उभं राहून रोज कोळसा किती जळतो ते विचारायचे. रखवालदाराला वाटलं हा संप करायला आलाय. त्यानं काठी घेऊन चौकापर्यंत पळवलं. सर परत आले ते धापा टाकत, पण हसत. काठी किती हात लांब होती तेही सांगितलं.

मग एक दिवस माझ्या उंबऱ्याशी येऊन म्हणाले, "वहिनी, सापडलं. गुरुवारी सूर्य जास्त पितो."

माझ्या हातातली परात तशीच राहिली. सर सांगत होते. गुरुवारी चिमणी बंद. धूर नाही, आभाळ स्वच्छ. ऊन थेट पाण्यावर पडतं, म्हणून पाणी जास्त उडतं. सबंध गावाचा धूर पाण्यावर छत्री धरतो आणि सुट्टीच्या दिवशी ती छत्री मिटते. त्याचं त्यांनी समीकरण केलं होतं. असं आजवर कुणी मांडलं नाही म्हणाले. "आणि हे तुमच्या आकड्यांमुळं."

मी परात ठेवून आत गेले. त्या गुरुवारी पाणी घेतलं नाही, तर शुक्रवारी सर वही बघून एवढे कोमेजले, की पुढच्या गुरुवारी मी पुन्हा तांब्या घेतला. पाण्याची गरज होती म्हणून का त्यांचा चेहरा पाहवेना म्हणून, ते अजून ठरवता आलेलं नाही.

पुण्याहून निबंध वाचायला या, असं पत्र आलं. सरांनी पेढे आणले. चाळीत वाटायला गेले तर नरसूबाईनं विचारलं, पेढे किती? सगळे हसले, सरही हसले. सांगण्यासारखं दुसरं माणूस त्यांना नव्हतं. ते पत्र त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं.

जायच्या आदल्या सकाळी ते तांब्यात निखारे घालून कोटाला इस्त्री करत होते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. तिथं पुण्यात मोठमोठी माणसं बसणार, आणि हा भला माणूस त्यांच्यापुढं माझ्या केसांचं पाणी मोजून सांगणार.

"सर, गुरुवारचं पानी सूर्यानं न्हाय प्यालं."

इस्त्री थांबली. "मग?"

"मी नेलं."

कोटावरून जरा वाफ निघाली. सरांनी तांब्या उचलून बाजूला ठेवला. हळूच म्हणाले, "एष्टु?"

म्हणजे किती.

"सदतीस तांबे."

"अंदाजे?"

"न्हाय सर. मोजून. चुलीमागं रेघा हायत."

सर आमच्या घरात पहिल्यांदा आले. चुलीमागं वाकून त्यांनी रेघा दोनदा मोजल्या. आतून सासूबाईंनी कोण आलंय विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, किती मास्तर दिसत्यात. सरांनी माझा तांब्या मागितला, पेल्यानं मापला. साडेतीन पेले. मग आमच्या पायरीवर बसून एकेका गुरुवारातून साडेतीन वजा करत गेले. वहीतून एक पोस्टकार्ड खाली पडलं. मी उचलून दिलं. होळी, विहीर, आठ दिवस. अक्षर बाईमाणसाचं होतं, बारीक आणि जपून काढलेलं. कार्डाच्या कडा हाताळून मऊ झाल्या होत्या. सरांनी ते पुन्हा त्याच पानात ठेवलं.

वजाबाकी संपली. गुरुवार बुधवारासारखाच निघाला.

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. सरांनी वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "एका तांब्यात भागायचं?"

"न्हाय भागायचं."

"मग दोन का नाही नेले?"

"दोन नेले असते तर तुमाला कळलं असतं."

त्यांनी मान हलवली. हे त्यांना पटलं. "मला विचारायचं की, वहिनी," एवढंच म्हणाले आणि तार करायला गेले. तारेत लिहिलं, वजाबाकी चुकली, येत नाही.

कुणाची, ते लिहिलं नाही. चाळीत बोभाटा झाला, की किती मास्तर पुण्याला घाबरले. नरसूबाई म्हणाली, इथं बायकांपुढं किती-किती करणं सोपं. माझ्याच दारात बसून म्हणाली. सरांनी माझं नाव घेतलं नाही. आणि मीही घेतलं नाही. तांबे चोरल्यापेक्षा मला याची लाज जास्त वाटते.

पुढच्या गुरुवारी पहाटे आमच्या दारात भरलेली कळशी होती. वर झाकण, झाकणावर चिठ्ठी. "भांड्याबाहेरचे. नोंदीत धरू नये." पाऊस लागेपर्यंत दर गुरुवारी ती यायची. सायकल आल्याचा आवाज यायचा, पण मी दार उघडायची नाही.

पगाराचे पन्नास रुपये परत करायचे मी ठरवलं. सर घेईनात. आकडे बरोबर होते, चूक माझ्या तर्काची, म्हणाले. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अडवलं. म्हटलं, न्हाय घेतलं तर हिशेब उघडा राहील. सरांनी वही उघडून बाकी पन्नास असं लिहिलं. चादरींच्या दशा, म्हणजे कडेचे दोरे, वळून मिळायचे त्यातून महिन्याला एक-दोन रुपये देत गेले. सर प्रत्येक वेळी नाणी मोजायचे, वहीत लिहायचे, बाकी किती ते सांगायचे आणि सासूबाई कशा आहेत विचारायचे. सासूबाई गेल्या, त्या महिन्यात त्यांनी बाकी सांगितली नाही.

काल शेवटचे दोन रुपये द्यायला गेले. चिल्लर होती, पाच-पाच, दहा-दहा पैशांची. मी त्यांच्या तळहातावर ओतली आणि मोजायची वाट बघत उभी राहिले. सरांनी मूठ मिटली. ही कोरी वही माझ्यापुढं धरली. म्हणाले, आता तुम्हाला येण्याचं कारण उरलं नाही, निदान लिहीत जा.

"मोजा की, सर."

ते न मोजताच आत वळले.

"अंदाजे बरोबर आहेत," म्हणाले.