बाद करण्याचे कारण

मत्स्य खात्याच्या त्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, असे ग्रंथपाल तेवीस वर्षे स्वतःला सांगत आले होते. पत्र लहान होते. ‘आपल्या गळ मंडळाच्या सभासदांपैकी कोणी तळ्यात परका मासा सोडला आहे काय? असल्यास कोणी, केव्हा, किती? पंधरा दिवसांत कळवावे.’ ग्रंथपाल मंडळाचे चिटणीस होते, त्यामुळे उत्तर त्यांनीच द्यायचे होते. मासा त्यांनीच सोडला होता, त्यामुळे उत्तर त्यांना ठाऊकही होते. अडचण फक्त वाक्यरचनेची होती.

पहिल्या मसुद्यात त्यांनी नुसते ‘होय’ लिहिले. ते उद्धट वाटले. दुसऱ्यात कारणे दिली, ती चार पाने झाली आणि शेवटी सगळा दोष एका काचेच्या टाकीवर गेला. चौदाव्या मसुद्यापर्यंत पंधरा दिवस उलटून गेले. आता उशिराबद्दल आधी दिलगिरी व्यक्त करायला हवी होती, आणि दिलगिरीचा मसुदा म्हणजे पुन्हा वेगळे काम. शेवटी ते पत्र गोड्या पाण्यातल्या माशांवरच्या एका जाड पुस्तकात खुणेसाठी गेले आणि तिथेच राहिले.

घडले होते ते असे. शहर सोडून चाललेल्या एका वाचकाने वाचनालयातल्या मुलांच्या कोपऱ्यासाठी सहा पट्टेरी मासे भेट दिले. बोटाएवढे होते, दिसायला गोड होते. महिन्याभरात त्या सहांनी टाकीतले बाकीचे एकोणतीस मासे आणि दोन गोगलगायी संपवल्या, आणि प्लास्टिकच्या पाणबुड्याचा एक पाय तोडला. ग्रंथपालांनी त्यांना बादलीत घालून घरी नेले. बायको म्हणाली, “एक तर हे मासे घरातून जातील, नाहीतर मी.” ग्रंथपालांनी विचार करायला दोन दिवस घेतले. ते दोन दिवस ती अजून विसरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मासे तळ्यात सोडले. मारणे त्यांना जमले नाही. वाचनालयाची वस्तू नोंदीशिवाय बाहेर जाऊ देणे हेही त्यांना कधी जमले नव्हते. फाटक्या पुस्तकांसाठी असलेल्या लाल बांधणीच्या बाद नोंदवहीत त्यांनी रकाने भरले. ‘पट्टेरी मासे. नग: सहा. बाद करण्याचे कारण: बाकीच्यांना खाल्ले. विल्हेवाट: तळ्यात.’ खाली तारीख आणि सही.

तळ्यात त्या सहांचे भलतेच फावले. वाढून ते हातभर लांब झाले. गळाला लागले की अर्धा तास झुंजत, दोरी तोडत, माणसाला पाण्यात ओढत. मंडळींनी त्यांचे नाव ‘पैलवान’ ठेवले. त्याआधी गळ मंडळात नऊ सभासद होते, ते आता दीडशे झाले. मंडळाच्या फलकावर पैलवान आला, अध्यक्षांच्या टायरच्या दुकानावर पैलवान आला. पकडलेल्या पैलवानाला मोजायचे, त्याच्याबरोबर फोटो काढायचा आणि “जा, पुढच्या वर्षी ये” असे म्हणून पाण्यात सोडायचे, असा रिवाजच पडला. प्रत्येक फोटोत सभासद हसत असे आणि पैलवान तोंड वासून असे. ग्रंथपाल तेवढे फोटोत नसत. ते मागे वहीत लांबी लिहीत असत.

मग खात्यात नव्या अधिकारी बाई आल्या आणि त्यांनी जुन्या फायली उघडल्या.

“त्यांचं म्हणणं काय, तर पकडलेला पैलवान परत सोडायचा नाही,” अध्यक्षांनी मंडळाच्या बैठकीत टेबलावर हात आपटला. “आणि तीन वर्षं उथळ पाण्यात जाळी लावून त्याची पिल्लं उपसायची. म्हणजे तालीमच बंद!”

“सोडायचा नाही म्हणजे घरी न्यायचा?” मंडळाचे खजिनदार असलेले डेंटिस्ट घाबरून म्हणाले. “आमच्याकडे मी एकटा आलो तरी अंगाला वास येतो म्हणतात.”

“घाबरायचं काम नाही. मी नियम वाचलाय. मासा कुठून आला ते कागदावर नसेल, तर तो आपोआप आला असं धरतात. आपोआप आलेल्याला हात लावता येत नाही. काय भाऊ?”

भाऊ म्हणजे ग्रंथपाल. ते मान हलवत होते. कोणीही काहीही विचारले की त्यांची मान हलत असे.

“मग ठरलं. मासे मोजायची जुनी वही घेऊन भाऊ सभेला येतील. त्यातली सगळ्यात जुनी पैलवानाची नोंद आपण दाखवायची आणि सांगायचं, हा आमच्या आजोबांपासून इथंच आहे. तुमच्या वहीवर कोण शंका घेणार? तुम्ही कधी खोटं बोललायत?”

“नाही,” ग्रंथपाल म्हणाले. ते खरे होते. ते मुळात बोलतच नसत.

सभेच्या दिवशी सकाळी त्यांना काही सुचेना. त्यांनी तीनदा सदरा बदलला. “अहो, पिशवी भरून ठेवलीय,” बायकोने दारातून सांगितले. “वही, चष्मा, छत्री. जा आता, नाहीतर सभा संपल्यावर पोचाल.”

खात्याचा हॉल भरला होता. एका बाजूला गळाच्या टोप्या घातलेले दीडशे सभासद, दुसऱ्या बाजूला अधिकारी बाई, एक कारकून आणि टेबलावर एक काचेची बरणी. बरणीत करंगळीएवढा एक मासा होता. वळला की चमके, एरवी दिसतच नसे.

“ही चांदणी,” बाई म्हणाल्या. “हे तळं आणि त्याचा वरचा ओढा सोडला तर ही कुठेच नव्हती. आता तळ्यात एकही नाही. वरच्या ओढ्यात थोड्या उरल्यात, कारण तिथल्या धबधब्यावर पैलवानाला चढता येत नाही. तो ज्या दिवशी चढेल त्या दिवशी ही बरणी म्हणजे शेवटची आठवण.”

“मॅडम, एवढ्याशा माशाला गळ लावायचा कुठं?” मागून कोणीतरी म्हणाले. हॉल हसला.

“तिला गळ लावायचाच नाहीये. तिला फक्त राहू द्यायचंय.”

“आणि पैलवानानं कुठं जायचं?” अध्यक्ष उठले. “तेवीस वर्षं... म्हणजे, शेकडो वर्षं तो इथलं पाणी पितोय. आता काय ओळखपत्र दाखवायचं त्यानं? मोठ्यानं लहानाला खाल्लं हा गुन्हा असेल तर आधी तुमच्या खात्यातली बढतीची यादी तपासा!”

टाळ्या पडल्या. कारकुनानेही एक वाजवली आणि हात टेबलाखाली घेतला.

“पुरावा?” बाईंनी विचारले.

“पुरावा! भाऊ, आणा वही.”

ग्रंथपालांनी पिशवीतून लाल वही काढली. ती हातात घेताच त्यांना तिचे वजन ओळखीचे, पण चुकीचे वाटले. मंडळाची वही आणि वाचनालयाची बाद नोंदवही त्यांनी एकाच माणसाकडून, एकाच लाल कापडात बांधून घेतल्या होत्या. निवृत्तीच्या दिवशी बाद नोंदवही भरत आली होती, म्हणून तिच्यावरही ‘बाद’ असा शिक्का मारून ते ती घरी घेऊन आले होते. “अध्यक्ष, एक मिनिट, ही...” एवढे ते म्हणाले, पण ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. तो आवाज त्यांच्या स्वतःच्या कानापर्यंतही क्वचितच पोचत असे.

वहीत एक खूण होती. अध्यक्षांनी तिथेच वही उघडली, ती उंच धरली आणि टायरच्या दुकानात ट्रकच्या आवाजावर मात करणाऱ्या गळ्याने वाचले, “ऐका मॅडम! ‘पट्टेरी मासे! नग सहा! बाद करण्याचे कारण, बाकीच्यांना खाल्ले! विल्हेवाट, तळ्यात!’ तारीख आहे, सही आहे! आता बोला!”

अध्यक्षांनी तेच पुन्हा एकदा मनात वाचले, तेव्हा त्यांचे ओठ हलताना सगळ्यांना दिसले. वहीतली खूण जमिनीवर पडली होती. बाईंनी ती उचलली. पिवळे पडलेले, त्यांच्याच खात्याचे पत्र होते ते. त्यांनी आपल्या फायलीतली स्थळप्रत शेजारी ठेवून पाहिली.

“हे तुम्हाला मिळालं होतं?”

ग्रंथपालांनी मान हलवली.

“मग उत्तर?”

“मसुदे झालेत,” ग्रंथपाल म्हणाले. “चौदा.”

“भाऊ, तुम्ही?” डेंटिस्टांनी असा चेहरा केला, जणू पेशंट त्यांनाच चावला होता. पण अध्यक्षांची अक्कल टायरमध्ये कसलेली होती. पंक्चर दिसले की ती आधी ठिगळ शोधत असे.

“मॅडम, ही वही वाचनालयाची आहे. मंडळाची नाही. मंडळानं तुम्हाला लेखी काय दिलंय?”

बाईंनी फाइल चाळली आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडला. “काहीच नाही. चिटणिसांच्या सहीचं उत्तर लागतं. ते नाही, म्हणून तर ही चौकशी तेवीस वर्षं उघडी आहे. आणि चौकशी उघडी असली की माशावर कारवाई मंजूर होत नाही. आमच्या आधीच्या तीन साहेबांचे प्रस्ताव त्यावरच परत आलेत.” त्या थेट ग्रंथपालांकडे वळल्या. “सर, महिनाअखेर माझा प्रस्ताव वर जातोय. मी तुमच्यावर जबरदस्ती करू शकत नाही. पण उत्तर मिळालं, तर ओढा वाचेल.”

बाहेर पायऱ्यांवर ग्रंथपाल शिव्या खायच्या तयारीने उभे राहिले. त्याऐवजी दीडशे माणसांनी त्यांना वर उचलले.

“तीन साहेब!” अध्यक्षांचे डोळे भरून आले होते. “तीन साहेबांना एकट्या माणसानं अडवलं, आणि आपल्याला पत्ता नाही! भाऊ, पैलवानाला तुम्हीच आणलंत आणि तुम्हीच जगवलंत. आता एकच काम करायचं. काहीही करायचं नाही! आणखी तेवीस वर्षं!”

“मी तेव्हा शंभराचा होईन,” ग्रंथपाल म्हणाले.

“तोवर तुम्ही मंडळाचे तहहयात सन्माननीय अध्यक्ष! फोटोत मधे!”

खरोखरच त्यांना मधे उभे करून फोटो काढला गेला. सत्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा माणसे त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून उभी होती, आणि तेही त्यांना उत्तम जमणाऱ्या एकमेव गोष्टीसाठी. त्यांना ते आवडले. आवडले याची लाज वाटली, आणि लाज वाटूनही आवडतच राहिले.

“पिशवी तू भरलीस,” घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले.

“मग कोण भरणार? तुम्ही घेतली असती भरायला, तर अजून भरतच असता.”

“दोन्ही वह्या लाल आहेत.”

“हो ना,” ती म्हणाली. “पण एकीवर ‘बाद’ असं केवढं मोठं लिहिलंय! मला तर चष्म्याशिवाय दिसतं.”

“आणि ते पत्र माशांच्या पुस्तकात होतं.”

“होतं खरं. तेवीस वर्षं त्या पुस्तकावरची धूळ मीच झटकतेय. पुस्तक झटकलं की तुमचा चेहरा उतरतो, हे काय मला कळत नाही?”

टेबलावर मागे राहिलेली मंडळाची खरी वही ग्रंथपालांनी उघडली. पहिल्या पानावर त्यांचेच अक्षर होते, चाळीस वर्षांपूर्वीचे. तेव्हा ते तळ्यातला प्रत्येक मासा लिहीत. ‘चांदण्या: मोजता आल्या नाहीत, फार होत्या.’ त्यांना ती सकाळ आठवली. पाण्यात पाय सोडून बसले की त्या घोट्याभोवती गोळा होत आणि सगळे पाणी चमकू लागे. त्यांनी पाने उलटली. ‘चांदण्या: पुष्कळ.’ ‘बऱ्याच.’ ‘काही.’ ‘अकरा.’ ‘दोन.’ त्यानंतर नुसती रेघ. दर वर्षी रेघ, पट्टीने आखलेली, सरळ. शेजारच्या रकान्यात पैलवानाची लांबी वाढत गेली होती. दोन्ही रकाने त्यांनी स्वतः भरले होते आणि कधी शेजारी शेजारी वाचले नव्हते.

त्यांनी कागद घेतला. ‘होय. मी. सहा. तारीख सोबतच्या नोंदीप्रमाणे. उत्तरास उशीर झाला.’ खाली चिटणीस म्हणून सही केली. हा पंधरावा मसुदा त्यांना तरीही उद्धटच वाटला. त्यांनी तो तसाच, नोंदीची नक्कल जोडून, पाकिटात घातला, पाकीट खिशात आणि बाद नोंदवही पिशवीत.

टपालपेटी होती अध्यक्षांच्या दुकानासमोर. ग्रंथपाल रस्त्याच्या टोकाला दिसले, त्यांच्या हातात पाकीट दिसले, आणि अध्यक्ष ज्या वेगाने बाहेर आले तो वेग त्यांच्या दुकानात कोणी गिऱ्हाइकाने पाहिला नव्हता. त्यांनी पेटीच्या तोंडावर आपला काळा, रुंद पंजा ठेवला.

“भाऊ. ते काय आहे?”

“उत्तर.”

“अहो, दीडशे माणसांचा आनंद आहे तो! रविवारी माणूस दुसरं करतो काय? पैलवानानं तुमचं काय वाकडं केलंय?”

“त्याने काहीच नाही केलं,” ग्रंथपाल म्हणाले. “केलं ते मी.”

“तुम्हाला कुणी विचारलंय तरी का?”

“हो. तेवीस वर्षांपूर्वी.”

“हे बघा,” अध्यक्षांनी आवाज चढवला. टपरीवरची, फुटपाथवरची माणसे थांबली. “पत्र पेटीत पडलं, की तुम्ही मंडळातून बाद! फोटोही उतरवणार!”

पूर्वीचे ग्रंथपाल असते तर त्यांनी इथे मान हलवली असती. मान हललीही, पण या वेळी ती आडवी हलली. “हात काढा,” ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी कोणाला दिलेला तो पहिला हुकूम होता, आणि तो इतका हळू निघाला की अध्यक्षांना पुढे वाकून ऐकावे लागले.

“नाही काढणार. करा काय करायचं ते!”

“बरं,” ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी पिशवीतून लाल वही काढली, पेन काढले, कोरा रकाना शोधला. “बाद व्हायचं तर नोंद हवी. नोंदीशिवाय मी काही बाहेर जाऊ देत नाही. उभ्या उभ्या लिहिता येत नाही मला. जरा धरता का?”

वडीलधाऱ्या माणसाने वही पुढे केली, तशी अध्यक्षांनी ती सवयीने दोन्ही हातांनी धरली. ग्रंथपालांनी लिहिले: ‘चिटणीस. नग: एक. बाद करण्याचे कारण: उत्तर दिले.’

“विल्हेवाटीत काय घालू?” त्यांनी विचारले.

“घाला... घाला...” अध्यक्ष वहीत डोकावून खरोखरच विचार करू लागले.

ते विचार करत असताना पत्र पेटीत पडल्याचा आवाज झाला. पाठोपाठ ग्रंथपालांना वाटले, शेवटचे वाक्य बदलायला हवे होते. पण पेटीला कुलूप होते.