गणपतच्या वाट्याचा चहा

निंबा पाटलांचं वाचणार होतं ते एवढं: एक कप चहा, बशीभर चिवडा आणि गणपतच्या गुडघेदुखीची अर्ध्या तासाची कहाणी. आजवर फोन बंद पडला की लाइनमन गणपत भेस्तानच्या टेलिफोन एक्स्चेंजातून यायचा आणि हे तिन्ही वसूल करूनच खांबावर चढायचा. पंच्याण्णव साली एक्स्चेंजात तक्रार घेणारं यंत्र बसलं. सोमवारी घरचा फोन मुका निघाला, तेव्हा निंबाने कोपऱ्यावरच्या दुकानातून तिथला नंबर फिरवला. टेपवरच्या जाड्या पुरुषी आवाजाने तक्रार घेतली.

"चहा न पाजता काम!" घरी येऊन तो म्हणाला.

"गुरुवारले दुपारपावत धुळाना फोन येनार शे," त्याची बायको मंगलाबाईंनी बजावलं. "फोन लागना नही तं त्या लोके नंदुरबारनी पोर पसंत करतीन. मंग आपली धनश्री बसनी घर."

मंगळवारी फोन वाजला. मंगलाबाईंनी उचलला.

"आपका टेलिफोन ठीक कर दिया गया है," एक बाई मधाळ आवाजात म्हणाली. बारीक सुस्कारा. "धन्यवाद."

ठेवून पुन्हा उचलला, तर आत काहीच नाही. कोरड्या विहिरीला कान लावल्यासारखं.

अर्ध्या तासाने पुन्हा तेच. तीच बाई, तोच सुस्कारा. बुधवारी ती आठ वेळा आली. शेजारच्या कुसुमने एकदा ऐकलं आणि ती वाटीतली साखर विसरून घरी पळाली.

"बिचारी दमी गयी," मंगलाबाई म्हणाल्या. "सवाष्ण इतल्यांदा घर येस, तिले तशीच पाठाडू का?"

"अवं, यंत्र शे ते!"

"यंत्र सुस्कारा टाकस का?"

मंगलाबाईंनी फोनला हळदकुंकू लावलं, खणा-नारळाने ओटी भरली, पुढ्यात चहाचा कप ठेवला आणि पुढची घंटी वाजताच हात जोडून सांगितलं, "बाई, धुळानं तेवढं तुम्हीच दखा."

गुरुवारी दुपार टळली. ना धुळं, ना बाई. धनश्री मोरीत एकच ताट तासभर घासत राहिली. संध्याकाळी निंबा खाली मान घालून भेस्तानला गणपतकडे गेला.

शुक्रवारी सकाळी गणपत खांबावर चढला आणि धुळ्याच्या मुलाचे मामा श्रीरंगराव पेढे घेऊन दारात हजर!

"काल फोन केला ना आम्ही! होकार सांगितला. तुमच्या बाई काय गोड बोलतात हो! धन्यवाद म्हणाल्या. बोलवा त्यांना, पाया पडतो."

निंबाने बायकोकडे पाहिलं. बायकोने फोनकडे.

तेवढ्यात गणपत खांबावरून उतरून दारातच निंबाच्या कानाशी लागला. त्याच्या खांद्यावर वायरचं भेंडोळं होतं. "पाटील, खांबापासून तुमच्या छपरापर्यंत वायर जागेवरच नव्हती. गटारात पडलेली. रविवारच्या वाऱ्यात गेली असणार. नवी अजून जोडायची आहे."

"मंग एक्स्चेंजमधली ती बाई?"

"बाई कुठली? टेप एकच आहे, आमच्या साहेबांच्या आवाजातली."

फोन वाजला.

निंबा भिंतीला चिकटला. मंगलाबाईंनी मात्र पदर सावरला, रिसीव्हर उचलून मामांच्या हाती दिला. "ल्या. त्याच शेतीस."

"बाई, लग्नाला यायचं बरं का!" मामा ओरडले. मग ऐकत राहिले. मान डोलावत हसले आणि रिसीव्हर ठेवला.

"काय म्हनन्यात?" निंबाने भिंतीपासूनच विचारलं.

"येते म्हणाल्या. आणि परवाच्या चहात साखर कमी होती म्हणाल्या."

पेढे मामांचे होते. बाकी सारं निंबाच्या अंगावर पडलं: एक खण, एक नारळ, गणपतचा चहा, बशीभर चिवडा, गुडघ्याचा अर्धा तास आणि फोनपुढे रोजचा एक जादा कप, दोन चमचे साखरेचा.