नुसती आजी

हेडक्लार्कसाहेबांनी त्या रविवारी एकच गोष्ट ठरवली: बायकोच्या इंग्रजीकडे जरा लक्ष द्यायचं. पेपर वाचत गप्प बसले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

जावई परभाषेतला, त्याला मराठीचा गंध नाही. म्हणून बाई पन्नाशी उलटल्यावर इंग्रजीच्या क्लासला जायला लागल्या होत्या. फोनवर त्या त्याच्याशी बिनधास्त बोलायच्या. वाक्य कुठेही फुटायचं, शब्द कुठेही सांडायचे, पण पलीकडून जावई खळखळून हसायचा आणि इकडे बाईंचा चेहरा उजळायचा. साहेबांना मात्र ते ऐकवत नसे. तीस वर्षं त्यांनी ऑफिसातली पत्रं तपासली होती. (घरात त्यांना अजून कुणी काही तपासायला दिलं नव्हतं.)

"हे बघ, 'ऑलरेडी', 'ऑलवेज', 'जस्ट', 'नेव्हर' हे 'हॅव' आणि क्रियापदाच्या मध्ये बसतात. 'येट' शेवटी बसतो."

"बसू देत की," बाई भाजी निवडत म्हणाल्या. "मी कुणाला उठवलंय?"

दुपारी फोन वाजला. मुलगी बाळंतपणासाठी हॉस्पिटलात होती. बाईंनी स्पीकर लावला.

"मम्मी, बेबी गर्ल!" जावई ओरडला.

"अगं बाई! आय हॅव बिकम ग्रँडमदर जस्ट!"

"'जस्ट' मध्ये घे!" साहेब खुर्चीतून ओरडले.

"आय हॅव बिकम जस्ट ग्रँडमदर!"

"अगं, त्याचा अर्थ 'नुसती आजी झाले' असा होतो! आणखी अलीकडे घे!"

"मग आणखी काय व्हायचं होतं मी?" बाईंनी फोन त्यांच्या हातात कोंबला. "घ्या. तुमचं शुद्ध आहे ना? तुम्हीच व्हा आजी!"

नियम सगळे पाठ, पण साहेबांच्या जिभेवर वाक्य येईना.

"काँग्रॅच्युलेशन्स, डॅडी!" जावई म्हणाला.

"सेम टू यू."

"इज मम्मी क्राइंग?"

"नॉट येट."

'येट' अगदी जागेवर पडला, म्हणून साहेबांना क्षणभर बरंही वाटलं. मग त्यांनी वळून पाहिलं. बाई भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

त्या दिवसापासून क्लास सुटला. जावयाचा फोन आला की "हॅलो, फाइन" एवढं म्हणून बाई आत निघून जायच्या. शेवटी मुलीने बापालाच विचारलं, "बाबा, आई याच्यावर रागावलीय का? रोज विचारतो बिचारा."

साहेबांना ती दुपार आठवली. नात पहिल्यांदा एकदाच होते. ते वाक्य बाईंना आता पुन्हा म्हणता येणार नव्हतं, आणि ते म्हणत असताना आपण मध्ये बोट घातलं होतं.

तोंडाने माफी मागायची त्यांना सवय नव्हती. ऑफिसला निघताना त्यांनी एक ओळ खरडली आणि चिठ्ठी बाईंच्या चष्म्याखाली सरकवली: 'आय हॅव बीन ऑलवेज अ फूल.' घाईत लिहिलं की मुद्दाम, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी ते परतले तेव्हा आतून इंग्रजी ऐकू येत होतं. वाक्यं फुटत होती, शब्द सांडत होते, जावई हसत होता. साहेब ओठ घट्ट मिटून दारातच उभे राहिले.

चिठ्ठी टेबलावर होती. बाईंनी 'ऑलवेज'ला पेन्सिलने गोल केला होता आणि बाण काढून तो 'हॅव' आणि 'बीन'च्या मध्ये नेऊन बसवला होता.

बाकी मजकुराबद्दल त्यांची काही हरकत नव्हती.