अस्सल माल

रामटेके काका लग्नाला आले की नवरा-नवरीकडे मागाहून, आधी आंदणाच्या भांड्यांकडे जायचे. खिशातून चुंबक काढायचे, परातीला लावायचे आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असा निकाल द्यायचे. चिकटलं तर, "हे गेलं." नाही चिकटलं तर, "अस्सल माल!" चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, हे भिलाईत शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यातून काकांची सारी नोकरी स्टील प्लांटात गेलेली, मग त्यांच्याशी वाद कोण घालणार?

एका ठेकेदारानं पोरीला ट्रकभर भांडी दिली होती. काकांचं चुंबक पहिल्याच डब्याला असं चिकटलं की तो बिचारा जेवणावळी उठेस्तोवर घाम पुसत फिरला. माझ्या लग्नात मात्र काका एकेका भांड्याला "अस्सल माल" म्हणत गेले. माझे बाबा रोजंदारीवरचे मजूर. त्या दिवशी त्यांची मान जी ताठ झाली, ती कायमची. मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगायचे.

रिटायर झाल्यावर काकांनी नवं खूळ घेतलं. दर शनिवारी बस धरून डौंडीकडच्या एका आदिवासी मुलींच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला जायचे. आमच्या रुआबांधा वस्तीतले झाडून सारे बिघडलेले स्पीकर त्यांनी नेले आणि आतली चुंबकं पोरींना वाटली. आमचा तर चांगला वाजत होता, तोही गेला. मी भांडायला गेले तर म्हणाले, गाणं तू मोबाइलवर ऐकशील, त्या पोट्ट्या चुंबक कुठून आणतील?

त्यांना एकच गोष्ट खात होती. पोरी काही विचारायच्याच नाहीत. घरी गोंडी बोलणाऱ्या त्या लेकी, काकांच्या हिंदीपुढे मान खाली घालून नुसतं 'जी सर' करायच्या. काका आमच्या ओट्यावर बसून चहा थंड करायचे. "मले त्याइचं 'जी सर' नाही पायजे व बाई. एकीनं तरी 'कावून' म्हणावं, 'का' म्हणून इचारावं."

शेवटी त्यांनी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या सुकारोबाईंनाच वर्गात आणून बसवलं. काका हिंदीत सांगायचे, त्या गोंडीत. वर काकांनी शब्द दिला, काहीही विचारा, खरं तेच सांगीन.

काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर एका शनिवारी त्यांची झोळी धरायला मी सोबत गेले. चुंबकं वाटता वाटता झोळीतली रुमालाची पुरचुंडी एका पोरीच्या हाती लागली. आत काळं पडलेलं चुंबक होतं. तिनं खिळ्याला लावलं, खिळा हलेना. काका घाईनं ते परत मागायला लागले. पोरगी सुकारोबाईंच्या कानाशी लागली आणि सुकारोबाई म्हणाल्या, ही विचारते, यात जीवच नाही, तर सर हे इतकं जपून का ठेवतात?

इतके दिवस वाट पाहिलेला प्रश्न आला आणि काकांचा चेहरा पडला. एकदा माझ्याकडे पाहिलं. पण शब्द दिलेला होता.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या स्वतःच्या लग्नात कोणा नातेवाइकानं काकीच्या भांड्यांना चुंबक लावलं. चिकटलं. मांडव हसला आणि काकीचे वडील साऱ्यांपुढे हात जोडून उभे राहिले. काकी शेवटपर्यंत ते विसरली नाही. पुढे काकांनी एक चुंबक निखाऱ्यात तापवलं. तापवलं की त्याची ओढ मरते, मग ते कशालाच चिकटत नाही. लग्नाला जाताना खरं आणि हे, दोन्ही नेतात. पोरीचा बाप घाबऱ्या डोळ्यांनी पाहत असला की हे काढतात.

सुकारोबाईंनी ते गोंडीत सांगितलं. मग मागची एक पोरगी उठली, आगीत त्याची ओढ का मरते म्हणून विचारू लागली. मग दुसरी, मग तिसरी. काका डोळ्याची पट्टी सांभाळत उत्तरं देत राहिले. इतकं खुश त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. विचारलं, "काका, माझ्या लग्नात कोणतं होतं?"

ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले,

"तुहा बाप समोर उभा होता ना, बाई."

मी तिथंच रडले. आंदणातली परात आजही माझ्याकडे आहे, रोज तिच्यात कणीक मळते. चुंबक फ्रिजवर हाताशीच असतं. लावून मात्र कधी पाहिलं नाही. माझ्या बाबांची परात अस्सल आहे, काकांनी भर मांडवात सांगितलंय.