दिवाणखान्यातील खरखर काढिल्याची हकिकत

सुपाएवढे कान ज्याचे, त्या गजाननाने ही हकिकत आधी ऐकावी, मग इतरांनी. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, एका दिवाणखान्यात राजे पद्माकरराव राज्य करीत होते. राजियांची कीर्ती उखाण्याची. स्वतःच्या लग्नात नाव घ्या म्हणताच राजियांनी जागीच कवित्व केले, ऐसे चहूंकडे बोलिले जाई, आणि आप्तांत कार्य निघाले म्हणजे नवऱ्या मुलास उखाणा शिकवावयास राजियांस मानाचे बोलावणे येई, आणि राजे फेटा बांधोन जात. त्या लग्नाची कॅसेट मामांनी भरली होती, ती पुढे संगणकात उतरविली, आणि लग्नाच्या दर वाढदिवशी दरबार भरवोन राजे ती ऐकवीत. परंतु उखाण्याच्या तोंडाशीच मोठी खरखर होती. शालूची सळसळ असेल, ऐसे सारे समजत. पूर्वी फळीवर एक रेडिओ असे, थापट मारिली की गाई, आणि साऱ्या आळीस पुरे. राजियांस मात्र ती खरखर टोचो लागली.

मग राजियांनी संगणकातील आकड्यांचा आवाज करणारी डबी आणिली, तीस डॅक म्हणतात, आणि खरखर अंमळ हटली. मग डॅकास शोभेना म्हणोन अॅम्प्लिफायर बदलिला, आणि त्यास शोभेनात म्हणोन स्पीकर आणिले, ते राणीसाहेबांच्या खांद्यास लागत, आणि मग पडवळाएवढ्या जाड तारा आणिल्या, आणि पाहुणे त्यांत पाय अडकोन पडो लागले. राणी मालिनीबाई दर खेपेस विनवीत, "अहो, खरखर राहू द्या. मला आवडते." राजे म्हणत, तुम्हांस शुद्ध स्वराची पारख नाही, आणि आणखी थोर डॅक मागवीत.

ऐसे होता वाढदिवस आला आणि दरबार भरला. राजियांच्या थोरल्या भगिनी आक्कासाहेब पुढे बसल्या. राजियांनी कळ दाबिली. खरखर समूळ नाहीशी जाहली, आणि तिचे जागी नवरीची कुजबुज लख्ख ऐको आली, "पानात जिलबी, म्हणा." मग राजियांचा आवाज, पानात जिलबी. मग कुजबुज, "जिलबीला पाक." मग राजे, जिलबीला पाक. मग कुजबुज, "मालिनीचं नाव घेतो, राखा माझं नाक. आता घाम पुसा." मग राजे तेच बोलिले, आणि घाम पुसा हेही बोलो लागले होते, तोच सनई वाजली.

आक्कासाहेब म्हणाल्या, "पद्या, इतकी वर्षं आम्ही कुणाचा उखाणा ऐकतोय रे?"

राणीसाहेब पानदान पुढे करीत म्हणाल्या, "यंत्र नवं आहे, वन्सं. नवी यंत्रं वाटेल ते बोलतात."

राजियांनी पुन्हा लाविले. यंत्र तेच बोलिले. राजे स्वतःही विसरले होते, हे मुखावरून दिसले. मग आक्कासाहेबांचा हुकूम जाहला, की आता उभा राहा आणि नवा उखाणा घे. राजे उठिले, वाटीत बासुंदी इतके बोलिले, आणि खुंटले. मग भर दरबारात राणीसाहेबांकडे वळोन म्हणाले, "सांगा की."

राणीसाहेब म्हणाल्या, "आधी त्या तारा उचला."

राजियांनी ओणवे होवोन तारा गुंडाळिल्या, आणि मग उखाणा मिळाला.

येणेप्रमाणे जाहले. दिवाणखान्यात आता पाय ठेवावयास जागा आहे. बोलावणी अद्याप येतात, ती दोघांच्या नावे येतात, आणि उखाण्याआधी राजे डावा कान किंचित पुढे करितात.