बावीस घरं, बावीस सावकार

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालेलं. शुद्धलेखन आणि अक्षर, दोन्ही सांभाळून घ्यावं.

सांगलीत आमच्या जुन्या पेठेत अण्णा राहतात. कुणीही भेटलं की विचारतात, "तुमचे पणजोबा पोटाला काय करायचे?" काखेत वही, कानावर पेन्सिल. उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "बरं, भागत होतं का?"

संशय येणारच. माणूस जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेला. बायको गेली, मुलगा परगावी. कुणी म्हणालं, बिल्डरनं नेमलाय. कुणी म्हणालं, घरपट्टी वाढवायला आलाय. पिठाच्या गिरणीवर ठरलं, खरं काही सांगायचं नाही.

सगळ्यांत जास्त मी घाबरले. माझी आजेसासू हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायची. मालकानं तिला राहायला खोली दिली ती तोंडी. कागद एकही नाही. हे वहीत गेलं आणि खोली गेली, तर या वयात मी जाणार कुठं?

अण्णा दारात आले तेव्हा मी पदर सावरून सांगितलं, आमची सावकारी होती. त्यांनी वरच्या गळक्या पत्र्याकडं पाहिलं आणि गंभीरपणे लिहून घेतलं. भागत होतं का? मी म्हटलं, लय.

"वैनी, बावीस घरं झाली," ते म्हणाले. "बावीसही सावकार. मग पेठेत पोती उचलली कुणी?"

आठ दिवस घास गोड लागेना. कुणाशी बोलायची मला सवय नाही, पण शेवटी त्यांच्या घरी गेले.

"आवं अण्णा, आमच्या खोलीचं काय करणार हाय तुमी?"

त्यांनी मग वही माझ्या हातात दिली. मी बोट ठेवून सावकाश वाचली. खोल्या नाहीत, हद्दी नाहीत, पानोपानी नुसते सावकार. पहिल्या पानावर मात्र त्यांची आजी होती. लोकांची दळणं दळायची. भागत नव्हतं.

"तिला पेठेत कुणी जोडीदारीण होती का, तेवढंच बघत होतो," अण्णा म्हणाले. "एकटीच गरीब निघाली बिचारी."

मी वही परत दिली, आणि आजेसासूचं नाव सांगितलं. हळकुंडांचं सांगितलं, खोलीचंही.

अण्णांनी माझं सावकारीचं पान फाडून टाकलं. पहिल्या पानावर, आजीच्या खाली, थोडी जागा उरली होती. तिथं आजेसासूला लिहिलं.