लोहकर्णाच्या केपचा रंग

ज्या गोष्टी अजून घडलेल्याच नाहीत, त्यांच्याविषयी माणसाचं मत सर्वांत पक्कं असतं. घडून गेलेल्या गोष्टीला पुरावे असतात, साक्षीदार असतात, आणि 'तसं नव्हतंच ते' म्हणणारा एखादा मेव्हणा असतो. न घडलेल्या गोष्टीमागे यातलं काहीच लचांड नसल्यामुळे तिच्याबाबत ठाम राहणं सोपं जातं. या पायावर अनेक थोर संस्था उभ्या आहेत. त्यांपैकी एक संस्था एका दंतवैद्याच्या दवाखान्यात स्थापन झाली. तिचं कार्य आदर्श होतं, म्हणून त्याची नोंद घेणं भाग आहे.

दंतवैद्य पन्नाशीला टेकलेला, हाताचा हलका आणि स्वभावाने सरळ गृहस्थ. रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, त्याच्या बालमित्राचं चष्म्याचं दुकान होतं. लहानपणी दोघं मिळून 'लोहकर्ण' या चित्रकथेचा एकच अंक घेत. उजवीकडची पानं दंतवैद्याने वाचायची, डावीकडची चष्मेवाल्याने, आणि मग एकमेकांना गोष्ट सांगायची, अशी वाटणी होती. त्यामुळे दोघांनाही कथा निम्मीच माहीत होती आणि दोघांनाही ती संपूर्ण पाठ असल्याची खात्री होती. लोहकर्ण हा लहानपणी लोखंडाच्या ओतशाळेत डोक्यावर पडलेला वीर. त्यात त्याचे कान लोखंडाचे झाले आणि शहरातल्या कुठल्याही पीडिताची हाक त्याला ऐकू येऊ लागली. (कुशीवर झोपता येत नाही, एवढीच काय ती अडचण.)

या लोहकर्णावर चित्रपट निघणार अशी बातमी एका सकाळी आली. दंतवैद्याने तोंड वासून पडलेल्या पेशंटला तसंच ठेवलं, रस्ता ओलांडला आणि भर दुकानात चष्मेवाल्याला मिठी मारली. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. हे दृश्य पाहणारं एकमेव गिऱ्हाईक नंबर तपासायला बसलेलं असल्यामुळे त्याला काही नीट दिसलं नाही.

त्याच आठवड्यात लोहकर्ण चाहता मंडळ स्थापन झालं. मंडळाचं काम वाट पाहणं हे असल्यामुळे बैठकांसाठी दवाखान्याच्या वेटिंग रूमपेक्षा योग्य जागा शोधूनही सापडली नसती. जागा दंतवैद्याची म्हणून तो अध्यक्ष झाला, आणि दुसरं कुणी उभं नव्हतं म्हणून चष्मेवाला उपाध्यक्ष.

चित्रपट काढणाऱ्या कंपनीची कार्यपद्धती अत्यंत शिस्तशीर होती. आधी तिने चित्रपट येणार असल्याचं जाहीर केलं. मग चित्रपटाच्या नावाची अक्षरं कधी जाहीर करणार ते जाहीर केलं. मग अक्षरं आली. 'लोहकर्ण'मधला रफार किंचित मागे झुकलेला होता. त्यावरून नायकाचं बालपण सविस्तर दाखवणार, असा निष्कर्ष मंडळाने एकमताने काढला. पाठोपाठ मंडळाने सदस्यांची पाहणी केली. तीत निम्म्याहून अधिक सदस्यांनी चित्रपट 'अविस्मरणीय' ठरवला आणि उरलेल्यांनी 'मूळ कथेचा सत्यानाश'. (चित्रीकरणाला अजून सुरुवात व्हायची होती.)

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग पहिलं छायाचित्र आलं.

धुरात पाठमोरा उभा असलेला एक माणूस, त्याचा डावा कान, आणि पाठीवरच्या केपचं एक टोक, एवढंच त्यात दिसत होतं. (दंतवैद्याची बायको केपला 'पडदा' म्हणे.) दंतवैद्याने ते मोठं छापून उपचाराच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावलं आणि केप जांभळी असल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. चष्मेवाला म्हणाला की जांभळी कुठली, निळी आहे. लहानपणापासून निळीच होती. (छापखान्यात शाई धड नसल्यामुळे उजवीकडची पानं एका रंगात आणि डावीकडची दुसऱ्या रंगात उतरत असावीत, ही शक्यता कुणाच्याही डोक्यात आली नाही. आली असती तर मंडळाला कामच उरलं नसतं.)

"रंग ओळखणं हा माझा धंदा आहे," चष्मेवाला म्हणाला.

"तुझा धंदा नंबर काढणं आहे," दंतवैद्य म्हणाला. "आणि तोही मशीन काढतं."

चाळीस वर्षांच्या मैत्रीत असं वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. चष्मेवाला उठला आणि अर्धं मंडळ घेऊन रस्त्यापलीकडे गेला. तेव्हापासून अलीकडे मूळ लोहकर्ण मंडळ आणि पलीकडे अस्सल लोहकर्ण मंडळ अशा दोन संस्था झाल्या. दोघींचं कार्य जोमाने चाललं. दंतवैद्य प्रत्येक पेशंटला समोरच्या चित्राचा रंग विचारू लागला. नव्वद टक्के पेशंटांनी जांभळ्याला मूक संमती दिली. (उरलेल्या दहा टक्क्यांच्या तोंडात त्या वेळी उपकरणं नव्हती.) चष्मेवाल्याने अक्षरांचा तक्ता काढून तेच चित्र टांगलं, आणि जो जांभळा म्हणेल त्याचा नंबर वाढवायला सुरुवात केली. काही दिवसांत रस्त्यावरची माणसं एकमेकांना धडकू लागली, पण तत्त्वासाठी एवढं सोसावं लागतंच.

पुढे दंतवैद्य स्वतःच्याच चष्म्यावर बसला. दुसरं दुकान लांब होतं, समोरच्या दुकानात जाणं म्हणजे शरणागती होती. तेव्हा तो बायकोचा वाचायचा चष्मा लावून दात तपासू लागला. पलीकडे चष्मेवाल्याची खालची दाढ ठणकायला लागली. तो एका बाजूने चावू लागला, मग चावायचाच थांबला. गाल पावाएवढा सुजला, तरी तो रस्ता ओलांडेना. दोघंही दिवसभर आपापल्या खिडकीत उभे राहून दुसऱ्याचे हाल बघत. मजा मात्र कुणालाच येत नव्हती.

"एकाला दिसत नाही आणि एकाला चावता येत नाही," दंतवैद्याची बायको जेवताना म्हणाली. ती भूगोल शिकवायची आणि तिला अंतरं मोजायची सवय होती. "मध्ये रस्ता आहे वीस पावलांचा. आणि ज्याच्यापायी हे चाललंय, त्याच्या पडद्याचं एक टोक सोडून अजून कुणी काही पाहिलेलंसुद्धा नाही."

दंतवैद्याने तिला मंडळाच्या घटनेतलं काही कळत नाही असं सांगितलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

शेवटी दाढेपुढे तत्त्व हरलं. एका दुपारी चष्मेवाला गालाला मफलर गुंडाळून आला आणि थेट खुर्चीवर आडवा झाला. दंतवैद्याने दिवा ओढला. तेवढ्यात चष्मेवाल्याने खिशातून चष्म्याची एक डबी काढून त्याच्या हातावर ठेवली. बायकांची फ्रेम लावून दवाखान्यात चाचपडणारा मित्र त्याला खिडकीतून रोज दिसत होता. नंबर पाठ होता. चष्मा केव्हाच तयार होता, फक्त रस्ता ओलांडायचा राहिला होता.

दंतवैद्याने तो लावला. कित्येक दिवसांनी त्याला मित्राचा चेहरा स्वच्छ दिसला: सुजलेला, फिकटलेला, दाढी वाढलेली, आणि चांगलाच म्हातारा. चूक झाली म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि नजर सहज भिंतीवरच्या चित्राकडे गेली.

केप निळसर दिसत होती.

"काचा रंगीत आहेत का रे?" त्याने विचारलं.

"साध्या आहेत," चष्मेवाला कण्हत म्हणाला. "पहिल्यांदाच नीट बघतोयस."

दंतवैद्याने नवा चष्मा काढून ट्रेमध्ये ठेवला, बायकोचा चढवला, आणि मुकाट्याने दाढ उपटली.

दाढ निरोगी होती. दुखरी तिच्या शेजारची.

चष्मेवाल्याने आरडाओरडा केला नाही. त्याने फक्त बोट उचललं आणि आधी शेजारच्या दाढेकडे, मग ट्रेमधल्या चष्म्याकडे दाखवलं. दंतवैद्याने नवा चष्मा घातला, मित्राच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि खरी दाढ काढली. मग तो शेजारच्या स्टुलावर मटकन बसला.

"खूप दुखलं का?" त्याने विचारलं.

चष्मेवाल्याच्या तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळे शब्द स्पष्ट आला नाही. पण तो 'निळी' असा होता.

यावर दोघांपैकी कोण आधी हसलं याबाबत दोन्ही मंडळांत मतभेद आहेत. हसू ओठांवर येतंय तोच कंपनीचं निवेदन मोबाइलवर आलं. चाहत्यांच्या दोन्ही गटांच्या भावनांचा आदर राखून केप चित्रपटातून संपूर्णपणे वगळण्यात येत आहे. लोहकर्ण आता साधं जाकीट घालील.

संध्याकाळपर्यंत दोन्ही मंडळं विलीन झाली होती. दंतवैद्य आणि चष्मेवाला खांद्याला खांदा लावून निषेधाचा ठराव लिहीत बसले. केप हवीच, मग ती जांभळी असो वा निळी, असं दंतवैद्याने सांगितलं. चष्मेवाल्याने त्यात 'निळी' आधी घातली आणि दंतवैद्याने ते चालवून घेतलं. चित्रपटावर आजन्म बहिष्कार टाकण्याचं ठरलं. तो पूर्ण माहितीनिशी टाकता यावा म्हणून सगळ्यांनी पहिल्याच खेळाची तिकिटं काढली.

चित्रपट आला आणि संपला. दिवे लागले तरी कुणी हललं नाही, कारण शेवटच्या सुताराचं आणि रंगाऱ्याचं नाव सरकून गेल्यावर दुसऱ्या भागाची झलक दाखवतात. ती दाखवली. तीत एक बंद दार होतं. दार सागवानी की लोखंडी, यावर दोघं मित्र वाद घालत, एकमेकांचा हात धरून जिना उतरले.

"कसा होता?" बायकोने घरी विचारलं.

दंतवैद्य गोंधळला. या चित्रपटाबद्दल तो दोन वर्षं रोज बोलत होता, पण हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"दार लोखंडी आहे," तो म्हणाला.

मंडळाचं सदस्यत्व सर्वांना खुलं आहे. अट एवढीच, की चित्रपट पाहिलेला नसावा आणि मत असावं. हे दोन्ही गृहस्थ ठार वेडे आहेत, असं आपण त्यांना न भेटताच ठरवून टाकलं असेल. केप खरी कुठल्या रंगाची, तेही मनाशी नक्की केलं असेल. तेव्हा अर्जाची गरज नाही. आपण सदस्य झालेलेच आहात.